‘तर’, ‘तरच’ आणि ‘शिवाय’: क्रमाच्या कोड्यातली अट कशी वाचायची

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सी-सॅटची, म्हणजे कल चाचणीच्या पेपरची, तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याला सराव संचात हे कोडं मिळालं. कदम, गोरे, जोशी, पाटील, मोरे आणि साठे हे सहा वक्ते एकामागून एक बोलणार आहेत. नियम असे:

१. मोरे तिसरे बोलतील.
२. कदम गोरेंच्या आधी बोलले, तर गोरे पाटलांच्या आधी बोलतील.
३. जोशी पहिले असतील, तरच साठे शेवटचे असतील.
४. जोशी साठेंच्या आधी असल्याशिवाय साठे पाटलांच्या आधी येणार नाहीत.

प्रश्न: पाटील दुसरे बोलले, तर पहिले कोण बोलू शकेल? पर्याय: (१) कदम किंवा जोशी, (२) गोरे किंवा जोशी, (३) फक्त जोशी, (४) साठे किंवा गोरे.

विद्यार्थी लिहितो: “दुसऱ्या नियमावरून मी कदम–गोरे–पाटील अशी साखळी काढली. पाटील दुसरे असतील तर त्यांच्या आधी एकच जागा उरते, दोघं बसतच नाहीत. प्रश्नच चुकलाय का? आणि असे नियम आले की नेमकी आकृती काढायची कशी?”

प्रश्न चुकलेला नाही. उत्तर पर्याय २. पण नुसतं उत्तर सांगून तुमचा फायदा नाही, कारण अडचण या कोड्यापुरती नाही. नियम वाचला की तो लगेच आकृतीत उतरवायचा, ही सवय तुम्हाला लागली आहे. साध्या नियमांसाठी ती सवय चांगलीच आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत कसब्यामागे तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हा मानाच्या गणपतींचा क्रम आहे, तो सरळ कागदावर लिहिता येतो. त्यात ‘तर’ नाही. तुमच्या दुसऱ्या नियमात ‘तर’ आहे, म्हणजे कदम गोरेंच्या आधी आहेत असं कोणीही म्हटलेलं नाही. ते आधी आले तर काय, एवढंच सांगितलं आहे. ते आधी आलेच नाहीत तर हा नियम गप्प बसतो.

तुम्ही त्या नियमाला बोलायला लावलंत. मी १६ वर्षं तर्काचा हा भाग शिकवतोय, आणि माझ्या वर्गात दर वर्षी सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. हुशार मुलांकडूनही होते. खरं तर त्यांच्याकडूनच जास्त, कारण त्यांना आकृती पटकन पूर्ण करायची घाई असते.

ही चूक होते का, हे कळलं तर ती सुटायला मदत होते. घरात आपण ‘तर’ वापरतो तो वेगळा. आई म्हणते, “अभ्यास केलास तर सिनेमाला नेईन.” पोरगं बरोबर समजतं की अभ्यास केला नाही तर सिनेमा नाही. आई तसं म्हणाली नाही, पण तिला म्हणायचं तेच असतं. बोलण्यातल्या या न बोललेल्या अर्थाचा भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच नीट विचार केला आहे, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळी चूक करत नाही आहात. परीक्षेचा ‘तर’ मात्र आईचा ‘तर’ नव्हे. तो जेवढं बोलतो तेवढंच म्हणतो.

आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय परंपरेत, याचं फार चांगलं उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे सगळ्यांना पाठ. उदाहरण स्वयंपाकघराचं. पण जिथे अग्नी तिथे धूर का म्हणत नाहीत? तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. म्हणजे बाण एकाच दिशेने जातो. आणि त्याच परंपरेत दुसरं उदाहरण आहे सरोवराचं: जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही. हे मात्र चालतं. धूर–अग्नी हे वाक्य तुम्ही मान्य केलंत की सरोवराचं वाक्य फुकट मिळतं, लोखंडाच्या गोळ्याचं मिळत नाही. इंग्रजी पुस्तकं ज्याला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात ते म्हणजे हे सरोवर. माझ्या वर्गात आम्ही त्याला ‘उलटव आणि नाकार’ म्हणतो; दोन्ही कामं एकदम करायची, एकच केलं तर गोळा हाताला चटका देतो. (शाळेत पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास वेगळा का सिद्ध करायला लावतात, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल तर त्याचं उत्तरही इथेच आहे. व्यत्यास आपोआप मिळत नाही.)

आता तुमचा नियम २ घेऊ. कदम, गोरे, पाटील या तिघांचे आपसात सहा क्रम होतात. मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो: हा नियम मोडेल कधी? अट असलेला नियम एकाच प्रकारे मोडतो. अट घडली आणि तिचा परिणाम घडला नाही, तर. बाकी कुठल्याही परिस्थितीत तो शाबूत असतो. इथे अट कदम गोरेंच्या आधी, आणि परिणाम न घडणं म्हणजे गोरे पाटलांच्या नंतर. म्हणजे कदमही गोरेंच्या आधी आणि पाटीलही गोरेंच्या आधी. म्हणजेच तिघांत गोरे शेवटचे.

बस, नियम एवढाच आहे. कदम, गोरे, पाटील यांच्यात गोरे शेवटचे नकोत. सहापैकी दोन क्रम बाद, चार शिल्लक. तुमच्या साखळीने चारांऐवजी एकच ठेवला होता आणि तीन चांगले क्रम तुम्ही स्वतःच फेकून दिलेत. पाटील दुसरे असताना नेमके तेच फेकलेले क्रम लागणार होते.

हे रूपांतर मला फार आवडतं, कारण ‘तर’ गायब होतो. ज्या नियमात तिघंच असतात आणि त्यातला एक जण अटीतही असतो आणि परिणामातही, तिथे बहुतेक वेळा असं छोटं, बिनअटीचं वाक्य हाती लागतं. आणि त्यातून आणखी एक गोष्ट निघते जी बाणांच्या आकृतीत दिसत नाही: गोरेंच्या मागे कदम किंवा पाटील यांपैकी कोणीतरी असणारच, म्हणून गोरे सहावे कधीच असू शकत नाहीत. प्रश्नात काहीही दिलेलं असो. अट घडली की नाही हे माहीत नसताना एक पक्की गोष्ट मिळाली.

नियम ४ असाच आहे, पण तिथे आधी भाषेचं कुलूप उघडावं लागतं.

‘शिवाय… नाही’ आणि ‘तरच’ हे दोघे सख्खे भाऊ. कृषी विभाग दर जूनमध्ये शेतकऱ्यांना सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. यात असं कुठे म्हटलंय का, की १०० मिलिमीटर पाऊस झाला की पेरलंच पाहिजे? बियाणं नसेल, वाफसा नसेल, ट्रॅक्टर मिळाला नसेल. पण सल्ला मानणाऱ्या शेतकऱ्याने पेरणी केलेली दिसली, तर तेवढा पाऊस झालाय हे तुम्ही पर्जन्यमापक न बघता सांगू शकता. म्हणजे बाण पेरणीकडून पावसाकडे जातो. वाक्यात पाऊस आधी येतो, काळातही पाऊस आधी येतो, आणि तरीही तर्काचा बाण पेरणीपासून निघतो. पोरं अडखळतात ती इथेच.

म्हणून नियम ४: साठे पाटलांच्या आधी दिसले, तर जोशी साठेंच्याही आधी आहेत. मोडेल कधी? साठे पाटलांच्या आधी, आणि जोशी साठेंच्या नंतर. म्हणजे साठे तिघांत पहिले. तर नियम असा: जोशी, पाटील, साठे यांच्यात साठे पहिले नकोत. आणि त्यातून फुकट मिळालेली गोष्ट: साठे पहिल्या क्रमांकावर कधीच नाहीत. पर्याय ४ कागदावर आणखी काही न लिहिता उडाला.

नियम ३ मध्ये ‘तरच’ आहे. साठे शेवटचे दिसले तर जोशी पहिले. उलटव आणि नाकार: जोशी पहिले नसतील तर साठे शेवटचे नाहीत. जोशी पहिले असले तर? काहीच नाही, साठे कुठेही बसोत. ‘तरच’ मधला ‘च’ हा अक्षराने छोटा पण कामाने मोठा. तो काढला तर वाक्य ‘जोशी पहिले असतील, तर साठे शेवटचे असतील’ असं होतं आणि बाण पूर्ण उलटा फिरतो. ‘च’ च्या जागी ‘ही’ आला तर अटच मरते: ‘जोशी पहिले असले तरीही साठे शेवटचे असतील’ म्हणजे साठे काही झालं तरी शेवटी. तर, तरच, तरीही. इंग्रजीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, डोळ्यांना लगेच वेगळे दिसतात. मराठीत शेपटीला एखादं अक्षर बदलतं आणि घाईत वाचताना ते निसटतं. माझा साधा उपाय: प्रश्नपत्रिकेत पहिल्यांदा नियम वाचताना पेन्सिलीने फक्त ‘तर’च्या शेपटीला गोल करायचा. बाकी काही नाही. तीन सेकंद जातात.

हे सांगण्याचा नैतिक अधिकार मला एका फजितीने मिळालाय. काही वर्षांपूर्वी आमच्या क्लासच्या सराव परीक्षेसाठी मी एका इंग्रजी कोड्याचं रात्री उशिरा भाषांतर केलं आणि ‘तरच’ लिहायचं तिथे ‘तर’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गाचे दोन तट. निम्म्यांना एक उत्तर, निम्म्यांना उत्तरच नाही. ज्यांना उत्तर मिळत नव्हतं तीच मुलं माझं वाक्य बरोबर वाचत होती, आणि ज्यांना मिळालं त्यांनी ते आपल्या मनाने दुरुस्त करून घेतलं होतं. तेव्हापासून मी भाषांतर केलेलं कोडं स्वतः सोडवल्याशिवाय वर्गात नेत नाही.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर: सराव पुस्तकांत ‘फक्त जर’ असा एक चमत्कारिक प्रयोग दिसतो. तो मराठी नाही, इंग्रजीचं शब्दाला शब्द लावून केलेलं रूप आहे. दिसला की ‘तरच’ समजायचं. राज्यसेवा पूर्वच्या पेपरात तर्काचा प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेला असतो. वाक्य जड वाटलं तर पाच सेकंद शेजारचं इंग्रजी वाचा. त्यात कमीपणा नाही.

‘शिवाय’ची आणखी एक गंमत आहे, आणि ती खास क्रमाच्या कोड्यांतच येते. ‘जोशी बोलल्याशिवाय साठे बोलणार नाहीत’ असा नियम आला तर? दिसतो अटीसारखा. पण सहाही जण बोलणारच आहेत, म्हणजे साठे बोलणार हे ठरलेलंच आहे. मग हा नुसता क्रम झाला: जोशी साठेंच्या आधी. इथे बाण, उलटवणं, नाकारणं यात वेळ घालवू नका, सरळ आकृतीत उतरवा. ‘जोशी बोलेपर्यंत साठे थांबतील’ हेही तसंच. नियम ४ वेगळा, कारण तिथे ‘शिवाय’च्या अलीकडे-पलीकडे दोन स्वतंत्र क्रम आहेत आणि त्यातला एकही ठरलेला नाही.

आता तुमचं कोडं पूर्ण करू. पाटील २, मोरे ३. रिकाम्या जागा १, ४, ५, ६. माणसं कदम, गोरे, जोशी, साठे. साठे पहिले नाहीत हे आधीच मिळालंय. कदम पहिले ठेवून बघा: गोरे ४, ५ किंवा ६ वर जाणार, म्हणजे कदम आणि पाटील दोघांच्याही मागे. गोरे तिघांत शेवटचे, नियम २ मोडला. कदम बाद. उरले गोरे आणि जोशी, पण दोघांनाही खरंच जागा आहे का हे एकेक क्रम लिहून बघायला हवं. ‘गोरे, पाटील, मोरे, साठे, कदम, जोशी’ चालतो. ‘जोशी, पाटील, मोरे, गोरे, कदम, साठे’ चालतो. पर्याय २.

एकूण किती क्रम होतात हेही बघून घ्या. गोरे पहिले असतील तर साठे सहावे होऊ शकत नाहीत, कारण त्यासाठी जोशी पहिले हवेत. साठे ४ किंवा ५ वर, बाकी दोघं कसेही, म्हणजे चार क्रम. जोशी पहिले असतील तर साठेंना मोकळीक, फक्त गोरे कदमांच्या आधी हवेत, म्हणजे तीन. एकूण सात. तुमच्या आकृतीत यातला एकही नव्हता.

गोरे पहिले असताना नियम २ ची अट घडतच नाही, जोशी पहिले असतानाही नाही. सातही क्रमांत तो नियम कधीच ‘लागू’ झाला नाही. तरी त्याने कदमांना पहिल्या जागेवरून हाकललं. अटीचा नियम असाच काम करतो. तो दारावरच्या राखणदारासारखा उभा असतो, घरातली भांडी घासत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, आकृतीचा. यावर सरसकट उत्तर नाही, परिस्थितीवर आहे. अट जेव्हा दोघांच्या क्रमाबद्दल असते, तेव्हा तिचे दोनच फाटे होतात: कदम आधी किंवा गोरे आधी. बरोबरी नाही, तिसरा रस्ता नाही. अशा ठिकाणी मी कागदाचे दोन भाग करतो, एकीकडे कदम–गोरे–पाटील, दुसरीकडे नुसतं गोरे–कदम, आणि दोन्ही पुढे नेतो. पण अट जेव्हा जागेबद्दल असते, जशी नियम ३ ची, तेव्हा फाटे फोडण्यात अर्थ नसतो. साठे शेवटचे हा एक फाटा, साठे शेवटचे नाहीत हा दुसरा. दुसऱ्यात साठेंना किती तरी जागा उरतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही. असा नियम मी समासात लिहून ठेवतो, त्याचं उलटं रूपही शेजारी लिहितो आणि प्रश्न वाचेपर्यंत त्याला हात लावत नाही. सी-सॅटमध्ये १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे सरासरी दीड मिनिट. एका प्रश्नासाठी चार फाट्यांचं झाड काढणं परवडत नाही. एका कोड्यावर चार-पाच प्रश्न असतील, तर सुरुवातीला दोन मिनिटं जास्त गेली तरी ती भरून निघतात. कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या, डेटा इंटरप्रिटेशन आणि लॉजिकल रिझनिंगच्या विभागात म्हणूनच मी मुलांना फाटे आधीच फोडायला सांगतो आणि सी-सॅटवाल्यांना थांबायला.

क्रम नाकारणं सोपं असतं, कारण ‘आधी नाही’ म्हणजे ‘नंतर’. पण हे नेहमी खरं नसतं, आणि तीन ठिकाणी मी मुलांना पडताना पाहिलंय.

पहिलं, बरोबरी. कोड्यात वक्त्यांऐवजी उंची, गुण किंवा मजले असतील आणि दोघं एकाच पातळीवर असू शकत असतील, तर ‘क ग पेक्षा उंच नाही’ म्हणजे ‘क बुटका’ असं होत नाही; दोघं सारखेही असू शकतात. कोड्याच्या पहिल्या परिच्छेदात ‘एका वेळी एकच’, ‘प्रत्येकाची उंची वेगळी’ असं काही लिहिलंय का ते आधी शोधा. ते वाक्य कंटाळवाणं असतं म्हणून पोरं ओलांडून जातात.

दुसरं, ‘लगेच’. ‘जोशी पाटलांच्या लगेच आधी’ याचं नाकारलेलं रूप ‘लगेच नंतर’ नव्हे. दोन जागा आधी, तीन जागा नंतर, काहीही चालेल. तसंच ‘कदम तिसरे नाहीत’ म्हणजे उरलेल्या पाच जागा.

तिसरं सगळ्यात वाईट, कारण तिथे मराठीच दगा देते: ‘दोघं’. ‘कदम गोरे आणि पाटील दोघांच्याही आधी’ हे स्पष्ट आहे. त्याचं नाकारलेलं रूप ‘दोघांपैकी निदान एक जण कदमांच्या आधी’ असं होतं, दोघंही आधी असायची गरज नाही. पण ‘कदम दोघांच्या आधी नाहीत’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं: कोणाच्याच आधी नाहीत, किंवा दोघांच्या एकदम आधी नाहीत, एकाच्या असतील. कोड्यात असं वाक्य आलं तर पर्यायांकडे बघा. एका अर्थाने एकच पर्याय उरत असेल आणि दुसऱ्याने एकही नाही, तर कोडं करणाऱ्याचा अर्थ कळला. स्वतःच्या आकृतीत मात्र ‘दोघांच्या आधी नाही’ असं कधीही लिहू नका. ‘ग किंवा प आधी’ लिहा.

आणि चार वेगवेगळी नावं असलेला नियम असेल, समजा ‘कदम गोरेंच्या आधी असतील तर मोरे साठेंच्या आधी’, तर मी वर दाखवलेलं छोटं वाक्य मिळत नाही. चौघांच्या २४ क्रमांपैकी सहा बाद होतात, पण ते कोणत्याही एकाच्या जागेबद्दल काही सांगत नाहीत. तिथे बाण आणि त्याचं उलटं रूप, दोन्ही लिहून पुढे जायचं. दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

गोलाकार बैठक असेल तर यातलं बरंच गळून पडतं, कारण वर्तुळात ‘आधी’ला अर्थ नसतो. तो वेगळा विषय.

तुम्ही शेवटी विचारलंय की सरावाला चांगली कोडी कुठून आणायची. बँकेच्या परीक्षांची कोडी भरपूर मिळतात, पण त्यांत माहिती जास्त आणि ‘तर’ कमी असतो. मला या भागासाठी सगळ्यात उपयोगी वाटतात ते एलसॅटचे, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे जुने पेपर. त्यात ३५ मिनिटांत चार कोडी असा स्वतंत्र विभाग होता आणि अटीचे नियम त्यात ठासून भरलेले असत. ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग काढून टाकला. त्याआधी दृष्टिहीन परीक्षार्थ्यांनी खटला लढवला होता, की आकृती काढल्याशिवाय ही कोडी सुटत नाहीत आणि आम्हाला आकृती काढता येत नाही; २०१९ मध्ये त्यात तडजोड झाली. त्यांचं म्हणणं मला पटतं. परीक्षा गेली तरी कोडी राहिली, आणि सी-सॅटसाठी त्यातली क्रमाची कोडी पुरेशी आहेत. गटांत विभागणी करायची कोडी सोडून द्या.

तेवढी इंग्रजी कोडी वाचायचा कंटाळा असेल, तर याच कोड्यावर एक सराव करा. नियम १ खोडा, मोरेंना कुठेही बसू द्या. पाटील दुसरेच ठेवा, नियम २, ३, ४ तसेच. किती क्रम होतात मोजा. उत्तर ३९ यायला हवं. ४२ आलं तर मोरे पहिले असतानाचा फाटा पुन्हा तपासा. तिथे तुम्ही साठेंना शेवटी बसू दिलं असणार.